माझ्या आद्याक्षरांची फाइल

धाटावच्या एका कंपनीत मी कचेरी सांभाळायचो, तेव्हाची ही गोष्ट. बायकोलाही सांगितलेली नाही.

टायपिंगला पेणहून एक मुलगी यायची. वडील मिठागरात कामाला. सहा महिने नीट गेले की तिला कायम करणार होते. ती पत्रं फ्लॉपीवर द्यायची. मसुदा तपासला की खाली आद्याक्षरं टाकायची माझी कागदावरची सवय मी संगणकावरही चालू ठेवली होती. माझ्या मशीनवर फाइल उघडायची, आद्याक्षरं टाकून सेव्ह करायची, फ्लॉपी परत.

पाचव्या महिन्यात तिच्या फायली बिघडल्या. नीट सेव्हच होईनात. व्हायरस गेममधून येतो, एवढंच आम्हाला ठाऊक. साध्या पत्रात तो बसतो हे कुणाच्या गावीही नव्हतं.

"गेम खेळतेस काय गं?"

"नाय हो साहेब. तुमच्याकडून आलेली फाइल उघडली नि एक चौकोन आला. आत नुसता एकचा आकडा."

"म्हणजे मीच केलं?"

"मी कुठं तसं म्हणते? दिसलं ते सांगितलं."

मला ते उर्मट वाटलं. मग जेवणाच्या सुट्टीत मी तिचा ड्रॉवर उघडून एकेक फ्लॉपी तिच्या मशीनवर घालून बघू लागलो. सगळ्यांत तोच बिघाड. मी मॅनेजरना सांगितलं. आठवड्यात तिला काढलं.

नंतर मुंबईहून दुरुस्तीवाला आला. त्यानं तिच्या मशीनवर कोरी फाइल उघडून मॅक्रोची, म्हणजे फाइलसोबत आपोआप चालणाऱ्या छुप्या आज्ञांची, यादी दाखवली. ती रिकामी हवी होती. तिथं नावं होती, तोच व्हायरस. मशीन साफ करून तो गेला. मी माझ्या मशीनवर बघितलं. तीच नावं.

माझ्या बॅगेत एक फ्लॉपी होती. दुसरीकडे अर्ज करायला मित्राकडून आणलेला बायोडेटाचा नमुना, ती मुलगी लागायच्या आधीचा. साफ केलेल्या मशीनमध्ये ती घालून फाइल उघडली. चौकोन आला, आत एक. तिच्या फायली बिघडायच्या थोडं आधी मी तो नमुना पहिल्यांदा उघडला, तेव्हा तसाच चौकोन माझ्याही मशीनवर आला होता. मी ओके दाबून विसरलो होतो.

खरं सांगितलं असतं तर तिला परत बोलावलं असतं. पण मी नोकरी सोडायच्या खटपटीत आहे हेही कळलं असतं. मी दोन्ही मशीनं गुपचूप साफ केली.

पुढे ती पेणजवळ रामवाडीला भेटली.

"साहेब, कुठून आला होता तो व्हायरस, कळलं काय?"

"नाही गं."

"आईला अजून वाटतं, मीच कायतरी केलं असणार."

मी घड्याळ बघितलं आणि घाईत असल्याचं सांगितलं.