शांताचं उत्तर

तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच सांगायला धजते आहे. घरात नाही, विहारात नाही, अंगणवाडीतल्या बायांत तर नाहीच, हे माझ्या तोंडून कुठंच निघालेलं नाही. पौर्णिमेला पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, ते खोटं न बोलण्याचं, माझा आवाज आपोआप खाली जातो. शेजारी धाकटी बहीण शांता बसलेली असते. ती मोठ्यानं म्हणते. तिला वाटतं, ताईचा घसा आता वयानं बसला.

आमचं गाव भीमपूरच्या अंगाला. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. राज्य तेव्हा आंध्र होतं. गाव सगळं मराठी बोलणारं, आणि कचेरीतून, दवाखान्यातून येणारा जो तो तेलुगू. मी आदिलाबादला वसतिगृहात राहून तेलुगूतून दहावी केली होती. त्यामुळे कोणी साहेब आला की अंगणवाडीत मला बोलावणं यायचं. इकडचं तिकडं सांगायचं, तिकडचं इकडं. लोक विश्वासानं बोलायचे — पुढं काय पोचतं हे त्यांना कळणार तरी कसं?

पण आधी राहुलचं सांगायला हवं. त्याला टाळलं म्हणून तर पुढचं झालं.

मला दोन लेकरं. थोरली प्रज्ञा, तिच्या पाठीवर राहुल. आठ महिन्यांपर्यंत चांगला गुटगुटीत होता. मग कान वाहायला लागला, मग छाती भरायला लागली. औषध दिलं की बरा, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. दोन वर्षांचा झाला आणि गेला. सासरचे म्हणाले, हिच्या दुधातच खोट आहे. नवरा उठून शेतावर गेला. वर्षाच्या आत मी प्रज्ञाचं बोट धरून नदी ओलांडून माहेरी आले. माहेरी कोणी राहुलचं नाव काढलं नाही, मला त्रास नको म्हणून. मीही काढलं नाही. होता होता असं झालं की जणू तो जन्मलाच नव्हता. प्रज्ञाला मुधोळचं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या आईनं विचारलं, तुम्हाला एकच का? मी म्हटलं, एकच.

हे पहिलं खोटं. त्याचं मला फारसं काही वाटत नाही, खरंच सांगते. दुसऱ्याचं वाटतं.

प्रज्ञाचं लग्न ठरलं, त्याच हिवाळ्यात हैदराबादहून एक डॉक्टरीणबाई आल्या. जीपमध्ये बर्फाचा डबा, त्यात रक्त घ्यायच्या नळ्या. काही मुलांच्या अंगात रोगाशी लढायची ताकद जन्मतःच का नसते, काहींना साध्या खाण्याची ॲलर्जी का होते, याचा त्यांचा अभ्यास चालला होता. आमच्या भागात सारखी आजारी पडणारी पोरं आहेत, हे त्यांना दवाखान्यातून समजलं होतं. तीन दिवस मी त्यांच्याबरोबर घरोघर फिरले. हळू आवाजाच्या बाई. पोराचा कान बघण्याआधी स्वतःचे हात चोळून गरम करायच्या. वहीत त्या प्रत्येक घराचं झाड काढत. मुलगा म्हणजे चौकोन, मुलगी म्हणजे गोल. मुलगा गेलेला असला की चौकोन काळा. काही गोलांत मधोमध ठिपका. तो कशाचा, मी विचारलं. त्या म्हणाल्या, एक दुखणं असं असतं की ते आईकडून येतं, पण होतं मुलग्यांनाच. बाईला स्वतःला काही होत नाही, ती नुसतं पुढं देते. तिच्या बहिणींत, तिच्या मुलींतही ते असू शकतं. त्यांची नावं आम्ही लिहून घेणार, लग्न झालेल्यांच्या घरी कळवणार. म्हणजे पुढचं पोर वाचेल.

पुढचं पोर वाचेल — हे मी नीट ऐकलं होतं. समजलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी शेवटचं घर शांताचं. तिचा मिलिंद चार वर्षांचा, कानात कापसाचा बोळा, हातपाय काड्या. नळ्या थोड्याच उरल्या होत्या, म्हणून बाई आता रक्त त्याच घरी घेत होत्या जिथं आईच्या माहेरी असे मुलगे गेले होते. त्यांनी मला तेलुगूत विचारलं, हिच्या माहेरी असा कोणी मुलगा गेला का? मी शांताला मराठीत विचारलं. इथवर मी प्रामाणिक होते.

शांतानं माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून हळूच म्हणाली, "ताई, तुहा राहुल. त्याचाबी कान असाच वाहे. तुले जड जाते, मले मालूम हाय. पन सांग बाईले."

बाई पेन्सिल धरून थांबल्या होत्या. पानावर शांताचा गोल, शेजारी माझा, माझ्याखाली प्रज्ञाचा. तिच्या लग्नाला महिना उरला होता. मला त्या गोलात ठिपका दिसला. मुधोळच्या दारात कोणीतरी चिठ्ठी घेऊन उभं दिसलं.

"लेदु," मी म्हटलं. लेदु म्हणजे नाही.

बाईंना खटकलं असावं. बहीण एवढं काय बोलली, त्यांनी विचारलं. आणि मी म्हटलं, शेंगदाणे खाल्ले की पोराला खाज सुटते म्हणते. बाईंनी ते लिहून घेतलं, मिलिंदचं रक्त घेतलं नाही. म्हणाल्या, ॲलर्जी असेल, शेंगदाणे देऊ नका. ते मात्र मी शांताला शब्दान्‌शब्द सांगितलं.

मिलिंदला शेंगदाणे फार आवडायचे. शांतानं त्या दिवसापासून घरात शेंगदाणा येऊ दिला नाही. तो रडायचा, ती द्यायची नाही.

ज्या पोरांचं रक्त गेलं होतं, त्यांतल्या एकाला हैदराबादला बोलावलं. महिन्याला एकदा दवाखान्यात सलाईनसारखं औषध चढवायचे. तो अंगानं भरला. त्याची आई त्याला घेऊन बसस्टँडवर उभी असायची आणि मी दुसऱ्या रस्त्यानं जायचे. मिलिंद पुढच्या साली, कापूस वेचणीच्या दिवसांत गेला. छाती भरली, आदिलाबादला नेईपर्यंतही राहिला नाही. बायांनी विचारलं, त्या पोराले बलावलं, तुह्याले काऊन नाई? शांता म्हणाली, "ताईनं सारं सांगतलं होतं बाईले. आमच्या मिलिंदचं दुखनंच येगळं होतं."

एक अख्खं वर्ष माझ्या हातात होतं. बाईंनी पत्ता लिहून दिला होता, पेटीत होता. एका पोस्टकार्डाचं काम. लग्न तर महिन्यात उरकलं होतं, मग मी कशाला भीत होते? याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. पुढच्या आठवड्यात लिहू, असं दर आठवड्याला वाटायचं, एवढंच सापडतं.

काही वर्षांनी प्रज्ञाला मुलगा झाला. नवव्या महिन्यात त्याचा कान वाहायला लागला.

या वेळी मी एक दिवसही घालवला नाही. पेटीतला पत्ता काढला, प्रज्ञाला आणि जावयाला घेऊन हैदराबाद गाठलं. बाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांच्यापुढं उभं राहून मी तेलुगूत न अडखळता सांगितलं — माझा राहुल असा गेला, माझ्या बहिणीचा मिलिंद असा गेला. एकही गोष्ट गाळली नाही. बाईंनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. त्यांना ते घर आठवलं की नाही, कोण जाणे. त्यांनी पेन्सिल घेतली आणि लिहू लागल्या. सुई टोचताना जावई पोराचे पाय धरून बसला होता. राहुलबद्दल त्यानं मला कधी काही विचारलं नाही, त्याच्या आईनंही नाही.

नातू वाचला. शाळेत जाऊ लागला.

सुट्टीत प्रज्ञा त्याला घेऊन आली की शांता येऊन बसायची. एकदा तिनं त्याला मांडीवर घेतलं, त्याचे दोन्ही कान बोटानं चाचपून पाहिले. कोरडे होते. मग म्हणाली, "याचं समजलं वक्तावर, बरं झालं. आपल्या मिलिंदचं येगळं होतं, नाई का ताई?"

घरात आम्ही तिघंच होतो. ती माझ्याकडं बघत होती.

"हो," मी म्हटलं, "येगळं होतं."

वेगळं नव्हतं. तेच होतं.