उस्तादांनी पाहिलेला बॅले

आकाराम हवालदारांनी उभ्या आयुष्यात दोनच तऱ्हेचं संगीत ऐकलं होतं, गावचं भजन आणि फौजेचा बँड. आष्ट्याजवळच्या उसाच्या रानातून ते पलटणीत गेले, अठरा वर्षं रंगरुटांना कवायत शिकवली आणि ‘उस्ताद’ म्हणूनच पेन्शनीत आले. बायको गेल्यावर लेक रेश्मानं त्यांना सांगलीला आपल्या घरी आणलं. शेजारी अनंतराव राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले आणि गाण्याचे वेडे. एका रविवारी सकाळी त्यांच्याकडे एक पास जादा होता, म्हणून ते आकारामांना मैफलीला घेऊन गेले.

पहिली दहा मिनिटं तंबोरे जुळवण्यातच गेली. आकारामांना वाटलं, वाद्य बिघडलंय. मग गाणं सुरू झालं, अर्धा तास झाला, तरी गाणाऱ्या बाई पहिल्याच ओळीवर.

“अनंतराव, बाई पुढचं इसरल्या का काय?”

पुढच्या रांगेतल्या एकानं मागं वळून डोळे वटारले. तेवढ्यात बाईंची तान गरगरत खाली आली, तबल्यावर थाप पडली आणि सभागृहातल्या चारशे माना एकदम हलल्या. आकाराम खुर्चीत ताठ झाले. रंगरुटांचा पाय एका ठोक्याला पडावा म्हणून त्यांनी महिनोन्‌महिने घसा फोडला होता. इथं तर कुणी हुकूमच दिला नव्हता!

“ह्यास्नी कमांड दिली कुणी?” बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

“सम आली ना! ती सगळ्यांना कळते,” अनंतराव हसले.

त्या दिवशी जेवताना आकारामांनी रेश्माला हे तीनदा सांगितलं. त्यानंतर त्यांनी एकही मैफल चुकवली नाही.

फेब्रुवारीत मुंबईची एक मंडळी साताऱ्याला बॅले करणार होती. अनंतरावांनी गाडी काढली. पडदा उघडला, अंगाला चिकटलेली विजार घातलेले बाप्ये उड्या मारत आले आणि आकारामांनी मान खाली घातली. वर बघितलं, तेव्हा एक मुलगी पायाच्या बोटांच्या टोकावर उभी होती. सगळा भार तेवढ्या टोकावर. ती फिरत होती, हसत होती, लोक टाळ्या वाजवत होते. आकाराम मात्र तिचा उजवा पाय बघत राहिले. प्रत्येक उडीआधी ती पाव पाऊल चोरत होती.

“पोरीचा उजवा पाय गेलाय.”

“काहीतरीच काय! किती सुंदर नाचतेय.”

मध्यंतरात आकाराम कुणाला न विचारता रंगमंचामागं गेले. मुलगी खोक्यावर बसून बूट काढत होती. आतला कापूस रक्तानं भिजला होता, अंगठ्याचं नख उचकटलं होतं. तिच्या शिक्षिका वल्लरीताई गुडघ्यावर बसून त्याला पट्टी बांधत होत्या. आकारामांचं डोकंच फिरलं.

“हिचा नाच थांबीवा! माणसं हायसा का कोण?”

वल्लरीताई काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, “आजोबा, मी क्रांती. इथलीच, वाईची. ताई मला मगापासून थांब म्हणतायत, मीच ऐकत नाहीये. दुखतंय असं मी सांगितलं, तर माझं ऐकतात इथे.”

ह्या शेवटच्या वाक्यानं त्यांना जतचा धुळा आठवला. बावीस वर्षांपूर्वीचा, धनगराघरचा रंगरूट. “उस्ताद, पाय लय दुखतोय,” असं तो सलग तीन दिवस म्हणाला होता. “नाटक बंद कर,” म्हणून आकारामांनी त्याला मैदानाला आणखी फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्या दिवशी तो कोसळला. हाड चिरलं होतं. त्याला घरी पाठवलं गेलं आणि आकारामांनी पुढची तुकडी घेतली. एवढ्या वर्षांत त्यांना त्याचं नावसुद्धा आठवलं नव्हतं. आपण इतकं साफ विसरलो कसं, ह्याचाच त्यांना धक्का बसला.

क्रांती पुन्हा नाचली. आकाराम बाहेर पायरीवर बसून होते.

सांगलीला परतल्यावर पलटणीतल्या जुन्या मानसिंगकडून त्यांनी धुळाचा नंबर मिळवला. फोन लावला, तेव्हा पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता.

“धुळा, मी आकाराम उस्ताद. तवा तू खरं बोलत हुतास रं. चूक माजी हुती.”

धुळा म्हणाला, “मला ठावं हाय, उस्ताद. पर माज्या बाला सांगा. त्यो अजून म्हंतो, मी पलटणीतनं पळून आलो.”

“उद्याच येतो,” म्हणून आकारामांनी फोन ठेवला. बावीस वर्षं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जतची एसटी धरली. फाट्यावर धुळा घ्यायला आला होता, किंचित लंगडत. दारात त्याचा म्हातारा बाप घोंगड्यावर बसला होता. आकाराम त्याच्यासमोर खाली मातीत बसले आणि घडलं तसं सगळं सांगितलं, स्वतःला काडीचीही सूट न देता.

म्हाताऱ्यानं लेकाकडं बघितलं नाही. शेजारच्या घराकडं तोंड करून त्यानं हाका मारल्या. चार माणसं गोळा झाली.

“आता ह्यांच्याम्होरं परत सांगा,” म्हातारा म्हणाला.

आकारामांनी परत सांगितलं.