खांदा हलला की बटण

रत्मीनं ते बघितलं होतं. बघूनही गप्प बसली.

रत्मीच्या कानतपासणीच्या कोर्सची परीक्षा होती, पेशंट आपला आपण आणायचा. तिनं काकाला आणलं, तुगिमानला. पाकलिक म्हणायची ती त्याला, जावात धाकट्या काकाला म्हणतात तसं. आईबाप गेल्यावर ह्यानंच तिला वाढवली. मिसरूड फुटल्यापासून सोलो शहराजवळच्या गावात काशाचे गाँग घडवायला घण घालतोय.

काचेपलीकडं तो हेडफोन लावून बसला. अलीकडं रत्मी मशीनवरनं आवाज सोडणार, तो ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. पटापटा दाबत होता. पण रत्मीच्या ध्यानात आलं, पाकलिक डोळ्यानं दाबतोय. तिचा खांदा हलला की ह्याचं बटण. लबाडी नव्हती ती. भट्टीपुढं चौघं आळीपाळीनं घण घालतात, दणक्यात काय ऐकू येणार? पुढच्याचा खांदा बघून आपला घण उचलायचा. हाडात मुरलेली सवय.

खुर्ची फिरवून पहिल्यापासून घ्यायला हवं होतं. पण परीक्षा घेणाऱ्या मॅडम शेजारीच उभ्या, आणि रत्मी आधी एकदा नापास झालेली. "कान ठणठणीत," म्हणाली आणि पास झाली.

घरी तिनं घणाच्या दणक्यापासून कान वाचवायला कानात घालायचे बोळे पुढं केले.

"हे कशाला, नदुक, माझे पोरी? तूच ठणठणीत म्हणालीस. मशीननं पहिल्याच फटक्यात पास केलं मला. तुझ्यासारखं दोनदा बसवलं नाही."

भट्टीवर त्यानं हेच सगळ्यांना ऐकवलं. बाकीच्या तिघांनीही तिनं दिलेले बोळे फेकून दिले. रात्री रत्मीनं बघितलं: काकू मागून चहाला हाका मारत होती, आणि पाकलिक भिंतीकडं बघत बसलेला.

दुसऱ्या दिवशी ती भट्टीवर गेली. "पाकलिक, पाठ करून बसा."

"आता काय, केस कापतेस?"

तो बसला. तिनं त्याच्या कानामागं किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. परत खुळखुळवला.

"कर की सुरू," तो म्हणाला.

समोर तिघांचं हसू आटलं. पाकलिकनं त्यांची तोंडं बघितली, आणि मग मागं वळून तिच्या हातातल्या किल्ल्या.

रत्मी समोर येऊन बसली. "त्या दिवशीच दिसलं होतं मला. पास व्हायची घाई होती."

 पाकलिकनं हात पुढं केला. "आण ते बोळे. ह्या तिघांनापण दे."

"मॅडमना सांगणार आहे मी. नापास करतील."

"मग तिसऱ्यांदा कुणाला नेशील?"

"तुम्हालाच. पाठ करून बसवीन."

तो हसला नाही. बोळे घातले आणि घण उचलला.