गादीवाल्या चाचांचा लोड

कोणाच्याही घरी गेले की चाचा आधी तान्हं मूल उचलायचे, दोन्ही हातांवर जोखायचे आणि म्हणायचे, "वाह, वजन हाय!" चवदार भाजीलाही तेच, कीर्तनालाही तेच. आमच्या बीबी गावच्या बाजारात माझ्या भांड्यांच्या दुकानासमोर त्यांचं गाद्या भरायचं दुकान होतं. त्यांच्या मिशीत कायम कापूस असायचा आणि हसले की तो उडायचा.

यात्रेच्या दिवशी आमच्याकडे फटफट्यांची शर्यत व्हायची. कापसाची पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या वावरात फेऱ्या मारायच्या, बक्षीस नारळ आणि फेटा. गजाननाची गाडी नवी, त्यामुळे फेटा दरवर्षी त्याच्याच डोक्यावर. हळूहळू बाकीच्यांनी नाव देणं सोडलं. "त्याची धूळ आम्ही काऊन खावी?" एका वर्षी तर गजानन आणि आमचा दूधवाला असे दोघंच उभे राहिले. शर्यत संपायच्या आत माणसं जिलबीच्या दुकानाकडे वळली.

चाचांना ते फार लागलं. त्यांनी एक लोड शिवला. लाल मखमल, पिवळा गोट. नवरदेवाच्या बैठकीला शोभेल असा. मी उचलायला गेलो तर हलेना. आत वाळू होती.

"जो जिंकन, त्याच्या गाडीले पुढच्या साली हा बांधाचा," त्यांनी जाहीर केलं.

गजानन तणतणत आला. "जिंकलो तं सजा काऊन, चाचा?"

"सजा नाही बे. तू एकटाच पुढं पयाला, तं पाह्यनार कोण?"

"मंग आत कापूस तरी भरा!"

चाचा इतके हसले की दुकानभर कापूस उडाला. वाळू मात्र तशीच राहिली.

पुढच्या यात्रेला नावं पुन्हा आली. लोड बांधूनही गजाननच जिंकला, पण थोडक्यात. चाचांनी लगेच दुसरा लोड शिवायला घेतला.

त्यानंतरचं साल वाईट गेलं. अळी लागणार नाही म्हणून घेतलेल्या बीटीच्या बोंडातच गुलाबी अळी निघाली. गजाननाचं सगळं वावर गेलं. यात्रा आली तरी तो घराबाहेर पडेना. चाचा एक लोड खांद्यावर टाकून, धापा टाकत त्याच्या दारात गेले. मी सोबत होतो.

"मले नाही पयाचं, चाचा. मनच नाही."

"नको जिंकू. पण तू नाही आला तं हे दोन लोड मी कोणाले बांधू?"

गजानन उंबऱ्याबाहेर आला. मग त्यानेच तो लोड त्यांच्या खांद्यावरून उतरवून घेतला.

त्या दिवशी दूधवाला आणि गजानन अगदी शेवटपर्यंत चाकाला चाक लावून होते. दूधवाला जिंकला. महिनोन् महिने खाली मान घालून बसलेली माणसं वावराच्या बांधावर उभी राहून ओरडत होती. सगळ्यात मोठ्यानं हसत होता गजानन. आपल्या गाडीचे लोड सोडून त्यानेच एक दूधवाल्याच्या गाडीला करकचून बांधला.

चाचांना जाऊन आता काही वर्षं झाली. समोरच्या दुकानात मोबाइल विकतात. मला आठवतात ते त्याच संध्याकाळचे चाचा. जन्मात कधी फटफटीवर न बसलेले, त्या लाल लोडावर बसून दूधवाल्यामागे गावभर मिरवणारे. एका हातानं टोपी धरलेली, दुसऱ्या हातानं त्याची कंबर.

"हळू बे, हळू! पडीन मी!"

वेशीपाशी वळण संपलं, रस्ता सरळ लागला.

"आता सोड जोरात!"