डाव्या बाजूचा ब्रेक

चैत्रात एका मंगळवारी माझी पत्नी गेली. ती अंगणात काजूच्या बिया पसरत होती. मी ओसरीवर वाचत होतो. पान उलटताना वर पाहिले, तेव्हा ती बसली होती. पुन्हा पाहिले, तेव्हा ती पडली होती. शेजाऱ्याने आमची गाडी काढली. मी मागे बसलो, तिचे डोके माझ्या मांडीवर होते. ओरोसच्या रुग्णालयात डॉक्टरांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली.

त्या प्रवासात शेजाऱ्याने ब्रेक किती वेळा लावले, हे मला सांगता येणार नाही. एरवी सांगता आले असते. आमच्या गाडीतला एकेक ब्रेक माझ्या उजव्या पायाला ठाऊक होता, आणि तरीही मला गाडी चालवता येत नाही.

गाडी तिची होती. कागदावर माझे नाव आहे, कारण तेव्हा मी शाळेत इतिहास शिकवत होतो आणि पगार माझा होता. ती काजूचे काम करायची. आतल्या गावांतून बिया घ्यायच्या, आमच्या मसुऱ्याच्या अंगणात वाळवायच्या आणि कारखान्याला पोचवायच्या. सीझनमध्ये टेंपोवाला कधीच वेळेवर येत नसे. एका वर्षी पोती पावसात भिजली. त्यानंतर ती मालवणला जाऊन गाडी चालवायला शिकली आणि एक जुनी सात सीटची गाडी घेऊन आली. तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. मागच्या सीट दुमडल्या की पोती बसत, आणि पोती नसतील तेव्हा तिच्या माहेरची, आचऱ्याची, सगळी माणसे बसत. माझी जागा पुढे, डावीकडे.

मी मांडीवर पुस्तक घेऊन बसायचो. वाचून होत नसे. वळण आले, समोरून एसटी आली, कुणाची म्हैस रस्त्याकडे पाहू लागली, की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तिचा पाय ब्रेकवर जायच्या आधी माझा मॅटवर गेलेला असे. ती समोरचा रस्ता न सोडता विचारायची, "खंयच्या पानार आसात?" मी सांगायचो. मग ती म्हणायची, "आचऱ्याक जाताना पण ह्याच पान होता."

तिला मी कधी घाबरलो असे म्हणालो नाही. तिनेही मला घाबरू नका असे कधी सांगितले नाही.

गाडीचे ब्रेक वाईट नव्हते, पण पोती भरलेली असली की लांब उताराच्या शेवटी पेडल मऊ लागायचे आणि जळका वास यायचा. ती आधीच गिअर कमी करून उतरायची. "ब्रेक तापतत," म्हणायची. "पावसाच्या आधी मोठे घालूक होये." मोठे ब्रेक घालता येतात हे मला तेव्हा प्रथम कळले. मी हो म्हणालो आणि पुस्तकात डोके घातले.

बारावे झाल्यावर मुलगी ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसली. ती ओरोसला कचेरीत कामाला आहे. तिथेच एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची आणि शनिवारी घरी यायची.

"बाबा, मी आता रोज घराक येतंय. गाडी आसा ना."

"एसटी आसा."

"एसटीन इलंय तर घराक पोचासर तुमी जेवून झोपलेले आसतल्यात."

"मगे खोलयेतच रव. माका काय होता? माझी पुस्तकां आसत."

"पुस्तकां चाय करून देतली?"

मला जे वाटत होते ते तिला सांगण्यासारखे नव्हते. एका ओळखीच्या गृहस्थाने गाडी विकत मागितली होती आणि ती देऊन टाकायची असे मी मनाशी ठरवले होते. मुलीने आईकडूनच गाडी शिकून लायसन घेतले होते आणि ती चांगली चालवत होती, हे मला मान्य होते. पण रोज सकाळी ती गाडी फाटकाबाहेर जाणार, आणि संध्याकाळी येईपर्यंत मी ओसरीवर बसून रस्त्याकडे कान लावणार, या विचाराने मला घाम फुटत होता. गाडी गेली तर मुलगी ओरोसला राहील आणि घरात मी एकटा राहीन. ते मला चालणार होते. ते तिला चालणार नव्हते.

शेवटी मी म्हणालो, "आईक ब्रेक बदलूचे होते. मेकॅनिकाक दाखवया. तो नाय म्हणालो तर गाडी इकूया."

"आणि हो म्हणालो तर?"

"तर बगूया."

तो नाही म्हणेल अशी मला आशा होती.

ते गॅरेज मालवणच्या वेशीवर, रस्त्याला लागून आहे. मेकॅनिक ख्रिश्चन, माझ्याच वयाचा. तरुणपणी पंधरा-वीस वर्षे गोव्यात काम करून गावी परतलेला. एका शनिवारी शेजाऱ्याने गाडी तिथे नेऊन लावली आणि तो त्याच्या कामाला गेला. मी कचेरीत बोलावे तसे शुद्ध मराठीत विचारले, "या गाडीला अधिक चांगले ब्रेक बसू शकतात का? बसत नसतील तर तसे स्पष्ट सांगा."

"बसतत," तो म्हणाला. "पार्ट कधीचे येवन पडलेत."

"कुणी मागवले?"

"बायन. शिमग्याच्या आधी." माझ्या पत्नीला तो बाय म्हणायचा. "मगे तुमच्या घरात तसा झाला. मी फोन कसो करू, मास्तरांनू? काय म्हणान करू?"

त्याने आतून दोन खोकी आणून फळीवर ठेवली. याच कंपनीच्या वरच्या मॉडेलच्या डिस्क होत्या, आमच्या गाडीच्या डिस्कपेक्षा हातभर नाही तरी चांगल्या दोन बोटे मोठ्या. त्यांना धरणारे कॅलिपरही मोठे होते. जास्त उष्णता सोसणारे पॅड होते आणि रबरी नळ्यांच्या जागी जाळीने मढवलेल्या नळ्या. जुनी रबरी नळी तापली की फुगते आणि पायाचा निम्मा जोर तिथेच जातो, हे त्याने मला एखाद्या विद्यार्थ्याला सांगावे तसे सांगितले. मी मान डोलावली. नाही म्हणायला त्याने जागा ठेवली नव्हती.

पेडल पाहण्यासाठी त्याने दार उघडून चालकाच्या बाजूची मॅट बाहेर काढली. मग वाकून डावीकडचीही काढली, झटकली, आणि ती उजेडासमोर धरून उभा राहिला. मॅटला रुपयाएवढे भोक होते.

"मास्तरांनू, ह्या भोक कशान पडला?"

"जुनी आहे," मी म्हणालो.

"जुनी बायच्या बाजूची पण आसा. तिका भोक नाय." त्याने भोकातून माझ्याकडे पाहिले. "तुमच्या बाजूक पण ब्रेक आसा काय?"

तो हसला, पण लगेच मॅट खाली ठेवून हात पुसू लागला.

"माका म्हायत आसा. बायन सांगलेला. पयल्यांदा इली तेव्हा म्हणाली, ड्रायव्हिंग शिकवतत त्या गाडयेत आसता तसा एक पेडल डाव्या बाजूक पण बसव. जोडूची गरज नाय. नुसता बसव."

इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसलो. ती असे म्हणाली असणारच. मला तिचा आवाजही ऐकू आला.

"मगे म्हणाली, नको, तसा नको. ब्रेकच असे घाल की तेंका पाय मारूची गरज पडाची नाय. पाय दुकतत तेंचे. घराक जावन सांगनत नाय, पण दुकतत."

म्हणजे पोत्यांच्या वजनाची गोष्ट तिने मला सांगितली होती आणि माझ्या पायाची त्याला. दूरच्या प्रवासानंतर रात्री मी तेल घेऊन पोटरी चोळत बसायचो आणि कारण विचारले तर वय सांगायचो. तिने कधी पुढे विचारले नव्हते.

तो कामाला लागला. मी फणसाखालच्या बाकावर पुस्तक उघडून बसलो. चाके निघाली, जुन्या डिस्क निघाल्या. त्यांच्यावर निळसर डाग होते. तापल्याची खूण, तो म्हणाला. दुपारी नवे सगळे बसले तेव्हा त्याने मला हाक मारली.

"नळयेंतली हवा काढूची आसा. एकट्यान होना नाय. एरवी बायल माझी बसता, आज ती बाजारात गेल्या. तुमी बसा. पेडल मारूचा फक्त."

"मला गाडी येत नाही."

"गाडी खंय जाता? चाकां काढलेली आसत. आणि दहा वर्सां सवय केलात ती कित्याक? आता खरो ब्रेक मारा."

मी उजवीकडच्या सीटवर बसलो. ती जिथे बसायची तिथे. सीट पुढे ओढलेली होती, माझे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. मागे घ्यायचा दांडा कुठे असतो ते मला माहीत होते. मी तो ओढला नाही.

तो मागच्या डाव्या चाकाच्या जागी जमिनीवर आडवा झाला. त्याच्या हातात पाना आणि एक पारदर्शक नळी, नळीचे टोक बाटलीत. खालून आवाज आला, "मारा. मारा. मारा. आता धरा."

मी पाय दाबून धरला. त्याने पाना फिरवला आणि माझ्या पायाखालचे पेडल अचानक खाली खाली जाऊ लागले. मी दचकून पाय उचलला.

"सोडलात?"

"हो."

"कित्याक?"

"खाली गेला."

तो सरपटत बाहेर आला, उठून दारापाशी उभा राहिला. रागावला नव्हता. "खाली जातलाच, मास्तरांनू. मी खोलतंय म्हणान जाता. जावंदे. पाय तेच्याबरोबर जावंदे. पण वर घेव नकात. तुमी पाय वर घेतल्यात तर काढलेली हवा परत भितर जाता. मी 'सोडा' म्हणासर थंयच ठेवा."

पुन्हा सुरुवात झाली. मारा, मारा, मारा, धरा. पेडल खाली गेले, माझा पाय त्याच्याबरोबर तळापर्यंत गेला आणि मी तिथे ठेवला. पाना उलटा फिरल्याचा आवाज आला. "सोडा." बाटलीत बुडबुडे आले असे त्याने सांगितले. किती वेळा केले ते मोजले नाही. मागचे डावे, मागचे उजवे, मग पुढचे दोन. शेवटच्या चाकाला पेडल खाली जाईनासे झाले. पायाखाली काहीतरी टणक, उंचावर थांबलेले लागत होते.

"आता कसा लागता?"

"घट्ट."

"झाला मगे."

मी लगेच उतरलो नाही. त्यानेही उतरा म्हटले नाही. तो पाने पुसत राहिला आणि मग त्याने आत जाऊन चहा ठेवला.

मुलगी चारच्या एसटीने मालवणला आली. ती सीटवर बसली, आरसा पाहिला, पेडल दाबून पाहिले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. ती आईच्याच उंचीची आहे, सीट हलवावी लागली नाही. मेकॅनिकने तिला बजावले की नवे पॅड डिस्कवर बसायला हवेत. सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत यायचे, दहा वेळा. मध्ये गाडी पूर्ण थांबवायची नाही. मोजायचे काम मास्तरांचे.

सड्यावर दोन्ही बाजूंना काजूच होते. सीझन संपला होता, बोंडे खाली पडून सुकली होती. मुलीने वेग घेतला, ब्रेक लावला. गाडी नाक खाली करून, सरळ रेषेत, मुकाट्याने हळू झाली. वास नाही, आवाज नाही. मी म्हणालो, "एक." पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. "दोन."

माझ्या हिशेबाने पाचव्यानंतर ती म्हणाली, "बाबा, तुमचो पाय."

मी खाली पाहिले. माझा पाय मॅटच्या भोकावर पूर्ण दाबलेला होता.

"ब्रेक बरे आसत ना?" तिने विचारले.

"बरे आसत."

"मगे?"

"म्हायत नाय गो."

तिने गिअर बदलला. मग म्हणाली, "दाबा. आई म्हणी, तुमी पाय मारल्याशिवाय आमची गाडी थांबताच नाय. किती झाले?"

"पाच."

"सात झाले. मोजा तरी बरोबर."

उरलेले तीन आम्ही दोघांनी मिळून मारले. मग ती ब्रेक न लावता हळूहळू चालवत राहिली, डिस्क थंड होण्यासाठी, आणि सड्यावरून खाली उतरताना आईसारखाच आधी गिअर कमी केला. फाटकापाशी आल्यावर मी तिला सांगितले की सोमवारपासून गाडी घेऊन जा. तिने विचारले, "नक्की?" मी म्हणालो, नक्की नाही, पण घेऊन जा. त्याच संध्याकाळी त्या गृहस्थांना गाडी द्यायची नाही असे कळवले.

आता काजूचे काम बंद आहे. अंगण मोकळे आहे. मुलगी सकाळी नऊला जाते आणि साडेसहाला येते; सहापासून माझे पान उलटत नाही. रविवारी आम्ही आचऱ्याला जातो. मी डावीकडे बसतो आणि पाय दाबतो. तिथली मॅट बदललेली नाही.