थापाड्यांचा ओरेस्ते

आमच्या किओज्जात भर बाजारात "ए बोस्कोलो!" अशी हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघतो. उरलेल्या निम्म्याचं आडनाव तिओत्सो असतं, म्हणून तो वळत नाही. बोस्को म्हणजे रान. गावाला सगळीकडून पाण्याचा वेढा, सरपणाला काटकी मिळायची मारामार, आणि आडनाव रानाचं! पूर्वज लाकूडतोडे होते असं कुणी सांगतं. माझा नवरा म्हणतो, पहिला बोस्कोलो वाट चुकून आला असणार. खरं काय ते देवाला ठाऊक. पण आला तो असा फोफावला, की पाद्री, पोस्टमन, डॉक्टर, सगळ्यांनी हात टेकले. शेवटी घरोघरची टोपणनावंच आडनावाला जोडून कागदावर चढली. माझ्या माहेरचे बोस्कोलो खोकले, नवऱ्याकडचे बोस्कोलो लंगडे. मी खोकत नाही, तो लंगडत नाही. पण कागदापुढे शहाणपण चालत नाही.

ओरेस्तेच्या वाट्याला आलं बुझियारो. आमच्या बोलीत बुझियारो म्हणजे थापाड्या.

मासळीबाजारात माझा तिसऱ्या-शिंपल्यांचा गाळा त्याच्या गाळ्याला लागून आहे. तीस वर्षं मी त्याला बघतेय. असा खरं बोलणारा माणूस कोळ्यांत जन्मला कसा, हेच मला कोडं. गिऱ्हाईक माशाला हात लावतं न लावतं तोच हा म्हणणार, "तो नको घेऊ, कालचा आहे." त्याची बायको नोर्मा मागून डोळे वटारायची. "अरे, विचारलंय का तिनं?"

"विचारलं नाही म्हणून काय झालं? खाणार तर तीच ना?"

एकदा एक बाई म्हणाली, "ओरेस्ते, या झग्यात मी जाड दिसते का रे?" हा म्हणाला, "झग्याचा काही दोष नाही." ती वर्षभर फिरकली नाही.

असा माणूस, आणि ओळखपत्रावर थापाड्या. पन्नाशी ओलांडेपर्यंत त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. गावात कुणालाच वाटत नाही. पण त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, एल्दाचं, पादोवा शहरातल्या मुलाशी जमलं आणि ओरेस्तेची झोप उडाली. मुलाची आई ज्युस्तीनाबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. "थापाड्याची लेक सून म्हणून जाणार," तो मला म्हणाला, "पहिल्याच दिवशी तिच्या शब्दाची किंमत काय राहील?"

"अरे, नाव आहे ते. त्यामागे काहीतरी चांगलंही असेल," मी उगाच म्हणाले. तेवढ्यावर तो उठला आणि चर्चच्या जुन्या वह्या सांभाळणाऱ्या आर्मीदाबाईंकडे गेला. मलाही ओढून नेलं.

आर्मीदाबाईंना कुणी काही विचारायला आलं की सणासारखा आनंद होतो. तीन दिवसांत त्यांनी मूळ पुरुष शोधून काढला: दोमेनिको बोस्कोलो, होडीवाला. पहिल्या लग्नाच्या वेळी त्यानं वय सांगितलं तेवीस. सात वर्षांनी तिसऱ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला सव्वीस. बायको वारल्यावर दुसरं लग्न केलं तेव्हा अठ्ठावीस.

"आणि तेव्हा थोरला मुलगा केवढा होता, माहितेय?" आर्मीदाबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "एकोणीस! म्हणजे तुझा पूर्वज नवव्या वर्षी बाप झाला. हे बघ, पाद्रीबुवांनी वैतागून समासात लिहिलंय. 'थापाड्या'."

मी हसून हसून बाकावर बसले. ओरेस्ते मात्र वही पुन्हा पुन्हा वाचत होता. "म्हणजे खरंच होता तो," एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी ज्युस्तीनाबाई जेवायला आल्या. नोर्मानं कांदा-व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या सार्डिन केल्या होत्या, माकूल शिजवलं होतं. बाईंना सगळं आवडलं. कॉफी पिता पिता त्यांनी सहज विचारलं, "पत्रिका छापायला टाकायच्यात. तुमचं नाव कसं लिहायचं? इथल्या लोकांना आडनावापुढे आणखी काहीतरी असतं म्हणे?"

ओरेस्तेनं कप खाली ठेवला. "असतं काहींना. आमचं नुसतं बोस्कोलो."

नोर्माच्या हातातला चमचा बशीत पडला. एल्दा बापाकडे बघतच राहिली. जन्मात पहिली थाप मारली ती अशी, आणि तीही आपण थापाडे नाही म्हणून!

पत्रिका छापल्या, वाटल्या. 'ओरेस्ते बोस्कोलो यांची कन्या एल्दा.' आता गावात एल्दा पुष्कळ, आणि ओरेस्ते बोस्कोलो पाच. टोपणनावाशिवाय नुसतं नाव घेतलं की गावाला आठवतो तो बोस्कोलो चिमणी घराण्यातला म्हातारा ओरेस्ते, वय अठ्ठ्याहत्तर, जन्माचा ब्रह्मचारी, तरुणपणी जहाजावर बंदरोबंदर हिंडलेला. लोकांनी पत्रिका वाचली आणि एकमेकांकडे बघितलं. जहाजावरचा माणूस, काय सांगावं!

आठवड्याभरात म्हाताऱ्याकडे अभिनंदनं सुरू झाली. कुणी चादरींचा जोड आणून दिला, कुणी दारूच्या सहा बाटल्या. बेकरीवाल्यानं त्याला मिठीच मारली. "शेवटी पोरीला आपलं नाव दिलंस, मर्द आहेस!" म्हातारा कानानं अधू. त्याला वाटलं, वाढदिवस असेल. बाटल्या उघडल्या आणि शेजाऱ्यांना पाजल्या.

त्याची बहीण पाल्मीरा मात्र बहिरी नव्हती. ती पत्रिका हातात घेऊन तरातरा बाजारात आली आणि ओरेस्तेच्या गाळ्यापुढे उभी राहून कडाडली, "पन्नास वर्षं मी त्याची इस्त्री करतेय! एक डाग पडू दिला नाही, ना शर्टावर ना नावावर! आणि आज पाद्रीबुवा मला विचारतात, पोरीची आई कोण म्हणून!"

"मावशी, चूक झाली माझी," ओरेस्ते पुटपुटला.

"तुझं थापाड्या कुठं गेलं? चिकटलेलं होतं तेच बरं होतं की! तू लपवलंस ते लपवलंस, आणि माझ्या भावाला बाप केलंस!"

अख्खा बाजार हसत होता. मीही हसले, नाही म्हणणार नाही. पण ओरेस्तेचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं. त्यानं एप्रन सोडला, हात धुतले, मला म्हणाला, "गाळा बघ," आणि पादोवाची बस पकडली.

तिथं काय झालं ते त्यानंच मला सांगितलं. म्हणजे एक शब्दही इकडचा तिकडे नसणार. ज्युस्तीनाबाईंनी दार उघडलं. हा उंबऱ्यावरच म्हणाला, "विहीणबाई, मी खोटं बोललो. आमचं आडनाव बोस्कोलो बुझियारो आहे."

त्या जराही हसल्या नाहीत. "माहीत होतं मला. नगरपालिकेनं लावलेल्या लग्नाच्या नोटिशीत पूर्ण नाव छापलंय. मुख्याध्यापिका आहे मी, वाचल्याशिवाय सही करत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी सांगता ते बघत होते. नावाचं मला काही नाही हो. माझं माहेरचं आडनाव पेलागात्ती. मांजरं सोलणारे. शाळेत पोरं मला बघून म्यांव करायची. पण तोंडावर खोटं सांगितलंत, त्याचं वाईट वाटलं."

ओरेस्ते मान खाली घालून उभा राहिला. त्या दारातून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "आत या. अंगाला माशांचा वास येतोय तुमच्या."

"ताज्या माशांचा, विहीणबाई. सकाळचेच आहेत."

तेव्हा कुठं त्या हसल्या.

नव्या पत्रिका छापायला वेळ नव्हता. एल्दानं आणि नोर्मानं घरोघरी जाऊन वाटलेल्या दोनशे पत्रिकांवर हातानं 'बुझियारो' लिहून दिलं. चादरींचा जोड परत आला. बाटल्या अर्थातच आल्या नाहीत. लग्नात पाद्रीबुवांनी पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं तेव्हा पादोवाकडचे पाहुणे खुदकन हसले. एल्दानं मान वळवून सगळ्यांकडे एकदा असं बघितलं, की हसू जागच्या जागी विरलं.

म्हाताऱ्या चिमणीलाही बोलावलं होतं. घोटाळा कुणीतरी त्याच्या कानात ओरडून समजावला तेव्हा तो थोडा हिरमुसला, म्हणाला, "मला वाटलंच, इतकी देखणी माझी कशी असेल!" मग तीनदा भात वाढून घेतला आणि ज्युस्तीनाबाईंना नाचायला उठवलं. तेव्हापासून रविवारी दुपारी तो नोर्माकडे जेवायला जातो. एल्दा माहेरी आली की तिला जहाजावरच्या गोष्टी सांगतो. त्यातल्या निम्म्या खऱ्या नसाव्यात. ओरेस्ते ऐकतो, मध्येच तोंड उघडतो, आणि नोर्मानं टेबलाखालून पाय दाबला की मिटतो.

पाल्मीरा मात्र अजून ओरेस्तेशी बोलत नाही. पुलावर समोरासमोर आले, तर ती मागे फिरते आणि पुढच्या पुलानं जाते.