मधलं नाव

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि आता पेन धरला की अंगठा दुखतो. मी चौथीपर्यंत शिकले. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुकांची माफी असावी, आणि वाचता नाही आलं तर बाजूला ठेवून द्यावी. कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, रोज थोडं हातानं लिहा, जुनं आठवून लिहा, म्हणून लिहिते.

जुनं म्हटलं की आधी आई येते.

आमचं गाव भोकरच्या अलीकडं. आईनं कधी वडिलांचं नाव घेतलं नाही. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्यांना बोलवायचं असलं की ती मला म्हणायची, "जा, तुझ्या बापाला सांग वाढलंय म्हणून." मी नसले तर ताटली वाजवायची. पुढं आम्ही भावंडं एकेक करून बाहेर पडलो आणि ती शेतातल्या घरात दिवसभर एकटी राहू लागली. बोलायला कुणी नाही, भांडायला कुणी नाही. आधी तिचे शब्द हरवायला लागले. चाळणी मागायची असली की हवेत हात हलवून दाखवायची. आम्हाला वाटलं, वय झालं.

एकदा मी माहेरी गेले होते. ती दारात उभी राहिली आणि रानाकडं तोंड करून तिनं वडिलांना नावानं हाक मारली. लहान पोराला मारावी तशी. "ये रे लवकर, भाकर थंड व्हायली." खुरपायला आलेल्या बायका हसल्या. वडील बादली घेऊन येत होते, ते तिथंच थांबले. जेवताना त्यांना घास उतरेना. आई समोर बसून पोटभर जेवत होती, आणि वडील मला हळूच म्हणाले, "तुझी माय गेली गं."

त्यानंतर ती बरीच वर्षं होती. पण वडिलांचं खरं होतं. ती हाक माझ्या डोक्यात बसली. नाव तोंडातून बाहेर पडलं की आतलं संपलं, असं मी धरून चालले.

लहानपणी गुरुजी मला हुशार म्हणायचे. पाढे, कविता, कुणाच्या गाईची शिंगं कशी वळलेली, सगळं लक्षात राहायचं. चौथीच्या पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरी धाकटा भाऊ झोळीत होता. मग माझ्या डोक्याला दुसरं काम लागलं. त्याच्या रडण्यावरून भूक की पोटदुखी ते कळायला लागलं, आणि पाढे गेले. शिरूर अनंतपाळकडं लग्न होऊन आले तेव्हा न बोलणं शिकले. सासूच्या पावलांवरून आज घरात काय होणार ते समजायचं. चुलीपुढं बसून ओसरीवरचं सगळं ऐकू यायचं, पण मला कुणी काही विचारलं तर उत्तर ओठांपर्यंत यायचं नाही. पोरं झाली तेव्हा झोपेतसुद्धा एक कान जागा असायचा. तो अजून जागाच आहे, ऐकायला काही नसलं तरी. भाकरी थापून हाताला घट्टे पडतात ते दिसतात. डोक्याला काय काय पडतं ते कुणी बघत नाही.

मुलाच्या शिक्षणासाठी आम्ही लातूरला आलो. पोरांचे वडील मार्केट यार्डात कामाला लागले आणि मी क्लासच्या पोरांच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला. ती वर्षं माझी चांगली गेली. आम्ही बायका ओळीनं बसायचो. मी बोलायची नाही, पण कुणाची सून रुसली, कुणाच्या सासऱ्यानं दात बसवले आणि पहिल्याच दिवशी कुठं हरवले, सगळं मला माहीत असायचं. तिथं मला हसू यायचं.

मग पोरांचे वडील तापानं गेले. मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली, मुलगा नोकरीला पुण्याला. आणि मेसच्या मालकानं मशीन आणलं. एका बाजूनं पीठ टाकलं की दुसऱ्या बाजूनं पोळ्या. मालकानं आम्हा सगळ्यांना एकेक साडी दिली आणि हात जोडले.

आता मी खोलीवरच एका दुकानासाठी ज्वारीच्या कडक भाकरी करते. दुकानवाला सकाळी गाडी घेऊन येतो, टोपली उचलतो, जातो. पैसे फोनवर येतात. सण नसला तर कधी कधी दिवसभरात मला माझाच आवाज ऐकू येत नाही.

अशात मी विसरायला लागले. गॅसवर तवा ठेवून वर कपडे वाळत घालायला गेले आणि खाली आले तेव्हा तवा लाल झालेला. मीठ दोनदा घातलं. मग एका दुपारी मला झाकण म्हणायचं होतं आणि तो शब्दच सापडेना. माझा हात हवेत गोल फिरला. आईचा फिरायचा तसा. मी खाली बसले.

पोरांना सांगितलं नाही. लातूरात दाखवलं तर कुणीतरी बघेल, म्हणून नांदेडला गेले. आता बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. अहमदपूरला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले. मी जागेवरच बसून राहिले, उतरले आणि गाडी कुठली ते विसरले तर, म्हणून.

दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी एक मुलगी विसराळूपणाची परीक्षा घेते. माझ्या मुलीपेक्षा लहान असेल. गोड बोलत होती.

"मावशी, पूर्ण नाव सांगा."

मी माझं नाव सांगितलं आणि आडनाव सांगितलं.

"मधलं?"

मी खाली बघितलं.

"मिस्टरांचं नाव काय, मावशी?"

एरवी असं कुणी विचारलं की आपण शेजारच्या माणसाकडं बघतो आणि तो सांगतो. बँकेत मुलगा सांगायचा. रेशन दुकानात कुणीही सांगतं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि आधार कार्ड खाली खिडकीवर झेरॉक्सला ठेवून घेतलेलं.

"आठवत नाही का?"

नाव माझ्या तोंडात आलं होतं. पण मला आई दिसत होती, दारात उभी. मी तोंड मिटून घेतलं. त्या मुलीनं कागदावर काहीतरी लिहिलं. मग तारीख विचारली. मला त्या दिवशीची चतुर्थी माहीत होती, कारण उपास होता, पण तारीख नव्हती. मुलीनं माझ्या हातावर हात ठेवला. तेव्हा मला खरी भीती वाटली.

डॉक्टरांनी तो कागद बघितला, मी आईचं आणि तव्याचं सांगितलं ते ऐकलं आणि डोक्याचा फोटो काढायला सांगितला. जेवढे पैसे सांगितले तेवढे माझ्याकडं नव्हते.

माझ्या खोलीच्या वर एक शाळेतल्या बाई राहतात. रिटायर झालेल्या, एकट्याच. तोवर आमचं बोलणं म्हणजे जिन्यात 'पाणी आलं का' एवढंच. वर जायला मला दोन दिवस लागले. दारात उभं राहून मी एका दमात सांगून टाकलं.

"डोक्याचा फोटो काढायचाय? म्हणजे डोकं आहे तुला," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, मला वाटलं खाली नुसतीच चप्पल राहते."

मी पायातली चप्पल काढून बाजूला सरकवली.

"पोराला सांगितलंस?"

"न्हाई."

"का?"

"तो भिईल."

बाई आत गेल्या आणि पैसे घेऊन आल्या. म्हणाल्या, "हे बघ, मला एकदम परत नकोत. महिन्याच्या महिन्याला थोडे द्यायचे. आणि ते फोनवरचं मला जमत नाही. हातात आणून द्यायचे. व्याज म्हणून बसून पेपर वाचून दाखवायचा. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आलाय."

"मला वाचायला नीट येत न्हाई, बाई."

"मग व्याज कमी पडेल माझं. काय करणार."

दुसऱ्यांदा नांदेडला गेले, फोटो झाला. डॉक्टर तो उजेडावर धरून बघत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"मेंदू चांगला आहे," ते म्हणाले. "आईसारखं काही दिसत नाही. पण मिस्टरांचं नाव कसं आठवलं नाही तुम्हाला?"

मी टेबलावरच्या पेनकडं बोट केलं. त्यांनी पेन आणि कागद दिला. बोलायला बंदी असते, लिहायला नसते. मी पोरांच्या वडिलांचं नाव लिहिलं, आणि खाली सासऱ्यांचंही लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं, परीक्षेचा कागद काढून बघितला आणि कपाळाला हात लावला.

"नाव घेत नाही तुम्ही."

"न्हाई."

"मग तसं सांगायचं तिला."

ते सांगायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. मी विचारलं, मग फोटो उगाच काढला का. ते म्हणाले, "उगाच नाही. तवा लाल झाला होता ना? त्यासाठी काढायचाच होता." मग त्यांनी विचारलं, पाळी कधी गेली, झोप किती लागते. आणि मग, "दिवसभर कुणाशी बोलता?"

"दुकानवाल्याशी."

"काय बोलता?"

मी आठवून बघितलं. "तो हॉर्न वाजवतो," मी म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, पाळी जाताना बायकांचं डोकं असं करतं, झोप गेली की आणखी करतं. पण माणूस आयुष्यभर जे करतो, ज्यांच्यात राहतो, त्यानं त्याचा मेंदू घडत असतो, या वयातसुद्धा. गप्प बसवलं तर तो गप्प बसायला शिकतो. नवं शिकवलं तर शिकतो. वाचा, लिहा, माणसांत बसा. त्यांनी व्हिटॅमिनची गोळी लिहून दिली.

येताना गाडीत मला आईचं वाईट वाटलं. तिचा आजार खरा होता, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण त्या शेवटच्या वर्षांत तिच्याशी कोण बोलत होतं?

महिन्याच्या महिन्याला मी वर जायला लागले. पहिल्यांदा पेपर धरला तर हाताच्या घामानं तो ओला झाला. बाई म्हणाल्या, "अगं, प्रत्येक शब्दावर स्टेशन आल्यासारखी थांबू नकोस. पुढं चल." मग मी खोलीवर भाकरी बांधायच्या रद्दीतलं मोठ्यानं वाचायला लागले. जुन्या बातम्या, अर्ध्या फाटलेल्या. खोलीत आवाज घुमायचा. सुरुवातीला मलाच दचकायला व्हायचं. पुढच्या वेळी वर गेले की बाई म्हणायच्या, "पैसे द्यायला आलीस की चहाला?"

"पैसे द्यायला."

"मग चहा मी एकटीच पिते," म्हणायच्या आणि दोन कप ओतायच्या.

कधी एखादा शब्द मला अडला की मी थांबायची, आणि बाई थांबू द्यायच्या. पेपरातला असो की माझ्या डोक्यातला. बहुतेक वेळा तो यायचा. हात हवेत फिरायचा कमी झाला. बाकीचे दिवस पहिल्यासारखेच होते. हॉर्न, टोपली, फोनवर पैसे आल्याचा आवाज. मी महिना संपायची वाट बघायची.

एकदा जिना चढत होते तर बाई दारात दूधवाल्याला पैसे देत होत्या. फोनवरून. भराभर बोटं चालत होती. मी दोन पायऱ्या मागं सरले आणि दूधवाला गेल्यावर वर गेले.

थंडी पडली तेव्हा बाईंनी सांगितलं, त्यांचा मुलगा त्यांना न्यायला येणार आहे. डोळ्यांचं ऑपरेशन पुण्यातच करू, मग तिथंच राहू. घराला कुलूप लावायचं.

येळवसीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या आधी दुकानाला भाकरी आणि बाजरीचे उंडे लई लागतात. मी जेवढं काम मिळालं तेवढं घेतलं. त्यांचे राहिलेले सगळे पैसे जमले. येळवसीच्या दिवशी लातूर रिकामं होतं. सगळी माणसं रानात जेवायला जातात, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आमच्या इमारतीत आम्ही दोघीच होतो. मी तांब्याभर अंबिल केलं आणि पैसे घेऊन वर गेले. बाईंच्या खोलीत खोके बांधून ठेवलेले होते.

"एवढी घाई काय होती? मी मरायला नाही चालले, पुण्याला चालले."

"तिकडं गेल्यावर फोनवर द्यावे लागले असते. तुम्हाला तर जमत न्हाई."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"लई दिवस झाले."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही पण न्हाई बोलल्या."

आम्ही अंबिल प्यालो. त्या दिवशी बाहेरून काहीच आवाज येत नव्हता. मी पेपरचं पहिलं पान वाचून दाखवलं, मोठी बातमी पूर्ण. बाईंनी फोन काढला. "तुझा नंबर घालते. खालची म्हणून नको घालायला. पूर्ण नाव सांग."

मी माझं नाव सांगितलं. मग थांबले. बाई फोनवर बोट धरून वाट बघत होत्या, शब्द अडला की बघायच्या तशीच. मी मधलं नाव घेतलं. हळू घेतलं, पण घेतलं. मग आडनाव. घेतल्यावर मी आजूबाजूला बघितलं. खोके होते, तांब्या होता, जिभेवर अंबिलाची आंबट चव होती, आणि आज अमावस्या आहे हे मला माहीत होतं. तारीखही माहीत होती, पेपरावर वाचली होती. जिना उतरून खाली गेले की कुणी नसणार, हेही माहीत होतं.

बाईंनी नाव टाईप केलं, एकदा वाचून दाखवलं.

मग मी पैसे पुढं केले. त्यांनी डोळ्यांजवळ धरून मोजले, पर्समध्ये ठेवले आणि म्हणाल्या, "पुरे झाले. आता तुझ्याकडं माझं काही राहिलं नाही."

मी मान हलवून "हाव" म्हणाले.